बोल्डची डीएनए ओळख-सेवा: घाममाश्यांच्या बाबतीत तिच्यावर किती विसंबायचं?

बारकोड ऑफ लाइफ डेटा सिस्टम, म्हणजे सगळे जिला नुसतं 'बोल्ड' म्हणतात ती सेवा, कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतातलं ग्वेल्फ विद्यापीठ चालवतं. कीटकाच्या मायटोकाँड्रियातल्या सीओआय जनुकाचा डीएनएच्या 658 अक्षरांचा ठरावीक तुकडा, म्हणजेच 'बारकोड', संकेतस्थळावरच्या चौकटीत टाकायचा आणि शोध चालवायचा. थोड्या वेळात सगळ्यांत जवळच्या नोंदींची यादी समोर येते. त्यात नाव, किती टक्के जुळलं, नमुना कुठल्या देशातला, कुठल्या संग्रहात ठेवलाय हे असतं आणि बऱ्याचदा नमुन्याचा फोटोही असतो. शोधासाठी पैसे पडत नाहीत. कीटकांच्या कितीतरी गटांसाठी ही सेवा डोळे झाकून वापरली तरी फारसं बिघडत नाही. घाममाश्यांसाठी, म्हणजे हॅलिक्टिडी कुळातल्या रानटी मधमाश्यांसाठी, मात्र तसं करता येत नाही, आणि हे परीक्षण फक्त त्यांच्यापुरतं आहे.

मत आधीच सांगून टाकतो. वंश आणि प्रजातींचा गट ओळखणं, नर आणि मादीची जोडी लावणं, संग्रहातली चुकीची चिठ्ठी पकडणं, या तीन कामांत बोल्डला तोड नाही. पण लॅसिओग्लॉसम वंशाच्या डायलिक्टस उपवंशातल्या माशीचं प्रजातीपर्यंतचं नाव एकट्या बोल्डच्या निकालावरून लिहू नये. हॅलिक्टस वंशासाठी पाचपैकी साडेचार तारे, डायलिक्टससाठी तीन.

डायलिक्टसला तीनच का, हे नीट समजून घ्यायला हवं. हॅलिक्टिडी कुळात जगभरात साडेचार हजारांच्या आसपास प्रजाती आहेत आणि त्यातला लॅसिओग्लॉसम हा मधमाशी-वर्गातला सर्वांत मोठा वंश. डायलिक्टसमधल्या बहुतेक माश्या चार ते सहा मिलिमीटरच्या, मंद हिरव्या किंवा निळसर धातूच्या झाकेच्या, आणि पहिल्या नजरेला सगळ्या एकसारख्या. उत्तर अमेरिकेत कुठल्याही कुरणात साबणाच्या पाण्याची पिवळी वाटी सापळा म्हणून ठेवली की त्यात याच जास्त पडतात, आणि कित्येक वर्षं सर्वेक्षणांच्या याद्यांत त्यांच्यापुढे नुसतं 'डायलिक्टस, प्रजाती अनिश्चित' लिहून पुढे जायची पद्धत होती. कीटकतज्ज्ञ जेसन गिब्स यांनी 2010 मध्ये कॅनडातल्या 84 प्रजातींची आणि 2011 मध्ये पूर्व उत्तर अमेरिकेतल्या 97 प्रजातींची फेरमांडणी केली. त्यात शरीररचना आणि बारकोड दोन्ही शेजारी ठेवून तपासले होते. त्यामुळे या भागातल्या डायलिक्टसची बोल्डमधली संदर्भ-सामग्री चांगली आहे. नमुने तज्ज्ञाने हाताळलेले, टाचणीवर जपलेले, पुन्हा काढून बघता येण्यासारखे.

तरीही 2018 मध्ये त्याच गिब्स यांनी 110 प्रजातींचे बारकोड तपासले तेव्हा सर्वांत जवळच्या जुळणीवरून नाव देण्याच्या पद्धतीत चुकीचं प्रमाण 20 टक्के निघालं. बोल्डचा संगणक नोंदींचे जे आपोआप गट पाडतो, ज्यांना 'बिन' म्हणतात, ते 44.5 टक्के प्रजातींच्या बाबतीत मान्य वर्गीकरणाशी जुळले नाहीत. 110 पैकी 43 प्रजाती अशा बिनमध्ये सापडल्या जिथे एकाहून जास्त प्रजाती एकत्र कोंबल्या गेल्या होत्या. डायलिक्टसमधल्या विरिडॅटम नावाच्या प्रजाती-गटाचे हाल सर्वांत वाईट. तिथे नुसत्या बारकोडवर गेलं तर दिशाभूल ठरलेली. आणि हे सगळं त्या भागातलं, जिथली संदर्भ-सामग्री उत्तम आहे. म्हणजे दोष अपुऱ्या नोंदींचा नाही. या माश्यांच्या काही प्रजाती इतक्या अलीकडे वेगळ्या झाल्या आहेत की सीओआयमध्ये फरक साठायला वेळच मिळालेला नाही.

टक्केवारीच्या मागचा हिशेब डोक्यात असला की निकालाचं पान वेगळंच दिसू लागतं. 658 अक्षरांत एक टक्का म्हणजे साडेसहा अक्षरं. बोल्डच्या आधीच्या आवृत्तीत एक टक्क्याहून कमी फरक असला की सेवा थेट प्रजातीचं नाव सांगायची. बिन पाडणारी पद्धत सुरुवातीला 2.2 टक्के, म्हणजे चौदा-पंधरा अक्षरांचा उंबरठा धरते आणि मग गटांच्या आतल्या रचनेवरून तो दुरुस्त करते. आता दोन प्रजातींमध्ये मुळात चारच अक्षरांचा फरक असेल तर '99.4 टक्के जुळलं' या वाक्याला अर्थ उरत नाही. ते दोघींशीही जुळलेलं असतं. अशा ठिकाणी टक्के सोडून द्यायचे आणि नेमकी कुठली अक्षरं वेगळी आहेत ते बघायचं. एका प्रजातीच्या सगळ्या नमुन्यांत एखाद्या जागी कायम 'सी' आणि दुसरीच्या सगळ्यांत कायम 'टी' असेल, तर ते एक अक्षर 99.4 टक्क्यांपेक्षा जास्त बोलतं. बोल्डचं निकालाचं पान हे आपल्यासाठी करून देत नाही. जवळच्या नोंदी उतरवून घ्यायच्या, एकाखाली एक लावायच्या आणि स्तंभ डोळ्यांनी वाचायचे. आमची या सेवेबद्दलची सर्वांत मोठी तक्रार हीच: पान टक्क्यांना पुढे करतं आणि अक्षरांना मागे ढकलतं.

जिथे ही सेवा खरोखर चमकते ती उदाहरणंही तितकीच ठोस आहेत. हॅलिक्टस लिगॅटस आणि हॅलिक्टस पोएयी या अमेरिकेतल्या दोन प्रजाती बाह्यरूपावरून वेगळ्या काढता येत नाहीत. 1996 मध्ये प्रथिनांच्या फरकांवरून त्या दोन असल्याचं सिद्ध झालं आणि 1998 मध्ये मायटोकाँड्रियाच्या डीएनएनेही तेच दाखवलं. पोएयी आग्नेय अमेरिकेच्या सखल किनारी भागात, लिगॅटस उत्तरेला आणि पश्चिमेला. दोघींचे प्रदेश जिथे भिडतात तिथे मायक्रोस्कोप कितीही महागडा असो, त्याच्याने काम होत नाही आणि डीएनएने होतं. फक्त एक पथ्य पाळावं. जुन्या नोंदींत फ्लोरिडातल्या माशीवरही 'लिगॅटस' असं नाव सापडू शकतं. म्हणून निकालातलं नाव वाचण्याआधी त्या नोंदीचं ठिकाण वाचावं.

युरोप आणि भूमध्य सागराच्या बाजूची सेलाडोनिया स्माराग्ड्युला हेही असंच. 2015 मध्ये बारकोड आणि नराच्या जननेंद्रियांची रचना मिळून तपासल्यावर एका नावाखालून पाच नव्या प्रजाती बाहेर आल्या. इथे दोन स्वतंत्र पुरावे एकमेकांना दुजोरा देतात, आणि बोल्डच्या निकालावर निर्धास्त राहायचं ते अशाच ठिकाणी. टेग्युलेर गटाची गोष्ट याआधीची, 2009 मधली. पूर्व उत्तर अमेरिकेत ज्या माशीला सरसकट 'लॅसिओग्लॉसम टेग्युलेर' म्हटलं जायचं, त्या गटात टेग्युलेर, एलिसिई, प्युट्युलॅनम, कार्लिनव्हिलेन्से आणि लेपिडाय अशा पाच प्रजाती निघाल्या. बारकोडने आधी गट वेगळे दाखवले आणि मग शरीरावर फरक शोधले तर ते सापडले. सेवेचा हा वापर आम्हाला सर्वांत आवडतो. डीएनए सांगतं की इथे बघा, आणि डोळे ठरवतात की काय दिसलं.

आता वापराकडे. निकाल बिघडतो तो बहुतेक वेळा संगणकावर नाही, त्याच्या कितीतरी आधी. माशी पकडल्यावर 95 टक्के इथेनॉलमध्ये टाकली किंवा लगेच टाचणीवर लावून कोरडी केली तर डीएनए चांगला टिकतो. मारण्याच्या बाटलीत इथाइल ॲसिटेट वापरलं तर डीएनए तुटतो, आणि फॉर्मॅलिन तर पूर्ण वर्ज्य. साबणाच्या पाण्याच्या वाट्यांमधले नमुने चालतात, पण उन्हात दोन दिवस पडून राहिलेले नकोत. टाचणीवरचे जुने नमुने जसे जसे जुने होतात तसा पूर्ण 658 अक्षरांचा तुकडा मिळणं अवघड होत जातं. अशा वेळी दोन-तीन छोटे तुकडे वेगवेगळ्या प्रायमरने (तुकडा कुठून कुठपर्यंत उचलायचा हे ठरवणाऱ्या डीएनएच्या छोट्या धाग्यांनी) काढून जोडावे लागतात.

कुठला पाय काढायचा हे ठरलेलं असावं. घाममाश्यांत मागचा पाय कधीही काढू नये. मादीच्या मागच्या पायाच्या नळीच्या आतल्या काट्यावर दात कसे आहेत, मोजके आणि कंगव्यासारखे लांब की करवतीसारखे बारीक, यावरून वंश-उपवंश ठरतात, आणि पराग गोळा करणारा केसांचा झुपकाही तिथेच असतो. परोपजीवी प्रजातींत तो झुपका विरळ झालेला असतो, म्हणजे तीही खूण. म्हणून मधला पाय, आणि संग्रहातल्या सगळ्या माश्यांचा एकाच बाजूचा. पाय घेण्याचा आणखी एक फायदा म्हणजे पोटातलं अन्न किंवा पोटाच्या खंडांमध्ये दडलेले परजीवी कीटक यांचा डीएनए मिसळत नाही. चिमटा प्रत्येक माशीनंतर ब्लीचमध्ये बुडवून, पाण्याने धुऊन, इथेनॉलने पुसून घ्यायचा. नुसत्या इथेनॉलने आधीचा डीएनए जात नाही.

प्रयोगशाळेत पाय प्रथिनं विरघळवणारं प्रोटीनेज-के घालून 56 अंशांवर रात्रभर ठेवतात. प्रायमर लेप-एफ-1 आणि लेप-आर-1. पीसीआरचा, म्हणजे तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याच्या प्रक्रियेचा, नेहमीचा साचा असा: 94 अंशांवर एक मिनिट, मग पाच फेऱ्या 45 अंशांच्या जोडणी-तापमानाने, मग पस्तीस फेऱ्या 51 अंशांनी, शेवटी 72 अंशांवर पाच मिनिटं. सुरुवातीच्या पाच सैल फेऱ्या गाळल्या तर प्रायमर ज्या माश्यांशी नीट जुळत नाहीत त्यांची पट्टी जेलवर दिसतच नाही. 96 खणांच्या ताटात 95 नमुने आणि एक खण मुद्दाम रिकामा ठेवायचा. त्या रिकाम्या खणातून पट्टी आली तर अख्खं ताट टाकून द्यायचं, त्यात तडजोड नाही. अनुक्रम दोन्ही बाजूंनी वाचून घ्यावा. मधमाश्यांच्या सीओआयमध्ये 'ए' आणि 'टी' यांची भरताड असते. सलग 'टी'ची लांब माळ आली की यंत्राचं वाचन घसरतं आणि आलेखातली पुढची शिखरं एकमेकांवर चढतात. दुसऱ्या बाजूने वाचलेलं तेव्हा कामी येतं.

अनुक्रम हातात आल्यावर तो घाईने बोल्डच्या चौकटीत टाकू नये. आधी प्रायमरचे तुकडे दोन्ही टोकांनी छाटायचे. मग अपृष्ठवंशीयांच्या मायटोकाँड्रियाच्या संकेतावलीने, म्हणजे पाचव्या तक्त्याने, त्याचं प्रथिनात भाषांतर करून बघायचं. मध्येच थांबा-संकेत आला, किंवा तीनच्या पटीत नसलेली अक्षरं कमी-जास्त झाली, तर वाचनाची चूक असते किंवा हाती आलेली ती केंद्रकात अडकून पडलेली जुनी मृत प्रत असते. अशी मृत प्रत बोल्डवर टाकली की ती खऱ्या प्रजातीपासून तीन-चार टक्के लांब पडते आणि माणसाला वाटतं नवी प्रजाती सापडली. दुसरा सापळा वॉल्बाकियाचा. हा जिवाणू मधमाश्यांत फार पसरलेला आहे. जर्मनीतल्या मधमाश्यांच्या 2011 मधल्या पाहणीत तपासलेल्या प्रजातींपैकी जवळजवळ दोन तृतीयांशांत तो सापडला होता. कधी कधी प्रायमर माशीऐवजी त्याचाच सीओआय उचलतात, आणि मग निकालात माशीचा पत्ताच नसतो. हे सहज कळतं. न कळणारी गोष्ट वेगळी: वॉल्बाकियामुळे एका प्रजातीचा मायटोकाँड्रिया संकरातून दुसरीत शिरून पसरू शकतो, आणि मग दोन खऱ्या प्रजाती एकच बारकोड बाळगतात. शंका आली तर केंद्रकातलं एखादं जनुक जोडीला घ्यावं. त्यासाठी नर निवडावेत. मधमाश्यांचे नर अनिषेचित अंड्यातून होतात, त्यांच्यात प्रत्येक जनुकाची एकच प्रत असते, त्यामुळे वाचन स्वच्छ येतं. मादीत दोन वेगळ्या प्रती असल्या की दुहेरी शिखरं उमटतात.

शोध चालवताना दोनदा चालवावा, एकदा फक्त प्रजातीपर्यंत नाव असलेल्या नोंदींमध्ये आणि एकदा सगळ्या नोंदींमध्ये. पहिल्यात नीटनेटकं नाव येतं. दुसऱ्यात कळतं की त्याच अक्षरांच्या, पण अजून कोणी नाव न दिलेल्या किती माश्या शेजारी उभ्या आहेत. मग पहिली ओळ सोडून पहिल्या वीस-पंचवीस ओळी वाचायच्या. सगळ्यांवर एकच नाव, नमुने वेगवेगळ्या ठिकाणचे, ओळख वेगवेगळ्या लोकांनी केलेली असेल तर निकाल वजनदार. दोन नावं आलटून पालटून येत असतील तर प्रजाती ठरलेली नाही, एवढंच लिहायचं. आणि तीच ओळख एका माणसाने एकाच ठिकाणच्या पन्नास माश्यांना दिली असेल तर तो पन्नास पुराव्यांचा नाही, एकाच पुराव्याचा निकाल धरायचा. यात आणखी एक खोच अशी की काही नोंदींना नाव डोळ्यांनी बघून दिलेलं नसतं, आधीच्या बारकोडशी जुळलं म्हणून दिलेलं असतं. अशी नोंद आपल्या निकालाला आधार देत नाही, तीच ती माहिती आपल्याला परत ऐकवते. ओळख कशावरून केली हा रकाना नोंदीत असतो, तो उघडून बघायचा.

मायक्रोस्कोपची बाजू याहून कष्टाची आहे, पण शेवटी नाव तिथेच पक्कं होतं. आधी वंश. हॅलिक्टसमध्ये पोटावरचे पांढरे केसांचे पट्टे प्रत्येक खंडाच्या मागच्या कडेला असतात. लॅसिओग्लॉसममध्ये पट्टे असलेच तर खंडाच्या पुढच्या बाजूला, मुळाशी. त्याच वेळी पुढच्या पंखाच्या टोकाकडच्या आडव्या शिरा बघाव्यात. लॅसिओग्लॉसमच्या मादीत त्या फिक्या, झिजल्यासारख्या दिसतात, हॅलिक्टसमध्ये बाकीच्या शिरांइतक्याच ठळक. नर की मादी हे शिंगांवरून: मादीची शिंगं बारा खंडांची, नराची तेरा.

डायलिक्टसमध्ये शिरल्यावर पहिली नजर टेग्युलावर. टेग्युला म्हणजे पंखाच्या मुळावर बसलेली ती छोटी तपकिरी वाटीसारखी टोपी. बहुतेक प्रजातींत ती लहान, लंबगोल आणि गुळगुळीत असते. टेग्युलेर गटात ती मोठी, बारीक खड्ड्यांनी भरलेली आणि आतल्या-मागच्या कोपऱ्यात वाकून टोकदार झालेली असते. एवढं एक लक्षण दिसलं की 97 प्रजातींचा प्रश्न पाच-सहांवर येतो. पंख टोपीवर पडला असेल तर हे दिसत नाही, म्हणून माशी टाचणीवर लावतानाच पंख मागे आणि वर वळवून ठेवावेत.

त्यानंतर छातीच्या पाठीवरचे खड्डे. ओळख-किल्ल्यांमध्ये, म्हणजे लक्षणांवरून नाव शोधायच्या तक्त्यांमध्ये, त्यांच्यातलं अंतर खड्ड्याच्या व्यासाच्या पटीत दिलेलं असतं: व्यासाइतकं, दीडपट, दुप्पट. मोजायचं ते छातीच्या पाठीवरच्या दोन उभ्या रेषांच्या (पॅराप्सिडल रेषांच्या) मधल्या भागात, कडेला नाही, कारण कडेला सगळ्याच प्रजातींत खड्डे दाट होतात. चाळीसपट मोठं करून काम सुरू होतं, पण खड्ड्यांमधली जागा लखलखीत आहे की तिच्यावर बारीक जाळी आहे हे सांगायला ऐंशीपट लागतं. आणि इथे महागड्या भिंगापेक्षा प्रकाश महत्त्वाचा. दिव्याचा झोत थेट पडला की धातूसारखा पृष्ठभाग चकाकतो आणि जाळी अदृश्य होते. दिव्यासमोर ट्रेसिंग पेपर लावला, किंवा माशीवर पांढऱ्या प्लॅस्टिकच्या कपाचा तुकडा टोपीसारखा ठेवला, की तीच जाळी स्पष्ट उमटते. ज्यांच्या ओळखी एकमेकांशी जुळत नाहीत त्यांनी भांडण्याआधी एकमेकांचे दिवे बघावेत.

चेहऱ्याची लांबी-रुंदी मोजताना डोक्याचा वरचा भाग आणि ओठपट्टीची खालची कड एकाच वेळी स्पष्ट दिसली पाहिजे. डोकं किंचित जरी कललेलं असलं तरी लांबी कमी भरते आणि लांबट चेहऱ्याची प्रजाती गोल चेहऱ्याच्या रकान्यात जाते. शिवाय डोक्याच्या आकारावर फार भिस्त ठेवू नये. यातल्या अनेक माश्या वसाहत करून राहतात, राणी मोठी आणि कामकरी लहान, आणि हॅलिक्टस लिगॅटससारख्यांत मोठ्या मादीचं डोकं शरीराच्या मानाने आणखी रुंद होतं. एकाच बिळातल्या माय-लेकी दोन प्रजाती वाटाव्यात इतका फरक पडतो. अशा वेळी बोल्ड एका फटक्यात गोंधळ मिटवतं.

पोटाच्या पहिल्या खंडाच्या पुढच्या उतारावर केसांचा पंखा असतो, ज्यात माइट्स आसरा घेतात. त्या पंख्याच्या वरच्या बाजूला उघडी फट आहे का, आणि किती रुंद, हे पुष्कळ प्रजातींत निर्णायक ठरतं. पण वाटीच्या पाण्यातून काढलेल्या माशीचे केस चिकटून एकमेकांत गुंततात आणि खोटी फट दिसते. आधी पाण्याने, मग इथेनॉलने धुऊन, केस वाळवायच्या यंत्राच्या हवेत फुलवून मगच बघावं. वर्षभर जगलेल्या मादीचे केस झिजलेले असतात, जबड्याची टोकं बोथट झालेली असतात. तिच्यावर केसांची लक्षणं तपासण्यात वेळ घालवू नये.

नरांसाठी जननेंद्रियं बाहेर काढावी लागतात. कोरडा नर ओलसर डब्यात ठेवून मऊ करायचा, आकड्यासारख्या वाकवलेल्या बारीक टाचणीने अवयव ओढून घ्यायचा, दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये मांस विरघळू द्यायचं, धुऊन ग्लिसरिनच्या छोट्या नळीत घालून त्याच टाचणीला लावायचं. पाय मात्र त्याआधी काढलेला असावा. हायड्रॉक्साइडमध्ये गेलेल्या भागातून डीएनए मिळत नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी चित्र वेगळं आहे आणि ते सरळ सांगायला हवं. वांग्याच्या फुलावर थरथराट करून पराग झाडणाऱ्या होप्लोनोमिया वेस्टवूडायसारख्या मोठ्या, पोटावर निळ्या-हिरव्या पट्ट्यांच्या माश्यांना बोल्डची तितकी गरज नाही. पण आपल्याकडच्या बारीक लॅसिओग्लॉसम, विशेषतः क्टेनोनोमिया उपवंशातल्या, यांची कितीतरी नावं ब्रिटिश भारतातल्या माश्या-गांधीलमाश्यांवरच्या, 1897 च्या बिंगहॅम यांच्या खंडावर आणि त्या काळातल्या चार ओळींच्या वर्णनांवर उभी आहेत, आणि मूळ नमुने ब्रिटनमधल्या संग्रहालयांत आहेत. गिब्स यांनी कॅनडात केलं तसं, डोळ्यांनी तपासलेला नमुना आणि त्याचा बारकोड शेजारी ठेवण्याचं काम इथे फार थोड्या प्रजातींचं झालं आहे. म्हणून इथल्या माशीसाठी बोल्डने 93-94 टक्क्यांवर एखादं नाव दाखवलं तर ते नाव नाही, नुसती दिशा आहे. वंश बहुतेक बरोबर असेल, प्रजाती लिहू नये.

कायद्याची बाजूही लक्षात असू द्या. माशीचा पाय परदेशी प्रयोगशाळेत पाठवायचा तर जैवविविधता कायदा, 2002 लागू होतो आणि चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम पाळावे लागतात. 'नुसता पाय तर आहे' म्हणून पाकिटात घालून पोस्टाने धाडणं अंगाशी येऊ शकतं. सुदैवाने ओळख-सेवेला पाय लागत नाही, अक्षरं लागतात. पीसीआर आणि वाचन देशातच करून घ्यावं, शोध घरबसल्या होतो. नमुना जपायला पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. नवी प्रजाती निघाली तर तिचे नमुने कायद्याच्या कलम 39 प्रमाणे नेमून दिलेल्या भांडारातच द्यावे लागतात.

पर्यायांबद्दल थोडक्यात. जेनबँक या सार्वजनिक डीएनए-कोठारातला 'ब्लास्ट' शोध जास्त झटपट आणि जास्त मोठा, पण तिथे पुष्कळ नोंदींमागे कुठला नमुना आहे हे कळत नाही, फोटो नसतो. घाममाश्यांसारख्या गटात ही उणीव मोठी आहे. तरी बोल्डचा निकाल ब्लास्टवर पडताळून घ्यावा, वॉल्बाकिया तिथे पटकन पकडला जातो. उत्तर अमेरिकेतल्या माश्यांसाठी डिस्कव्हर लाइफ या संकेतस्थळावरच्या चित्रमय ओळख-किल्ल्या फार उपयोगी आहेत. जी लक्षणं दिसतात तेवढीच टिचकून पुढे जाता येतं, क्रमाने जावं लागत नाही. फोटोवरून ओळख सांगणाऱ्या ॲपवर डायलिक्टस टाकली तर उपवंशाच्या पुढे जाण्याची अपेक्षा ठेवू नये, कारण खड्ड्यांमधलं अंतर फोनच्या फोटोत येत नाही.

निकाल नोंदवताना चिठ्ठीवर किंवा तक्त्यात चार गोष्टी असाव्यात: बिनचा क्रमांक, शोध चालवल्याची तारीख, सर्वांत जवळची दोन नावं त्यांच्या फरकाच्या अक्षरसंख्येसह, आणि शरीरावरचं कुठलं लक्षण प्रत्यक्ष पाहिलं ते. बिनचे गट नव्या नोंदी आल्या की पुन्हा पाडले जातात, त्यामुळे तारखेशिवाय क्रमांक अर्धवट ठरतो. नाव ठरलं नसेल तर 'लॅसिओग्लॉसम (डायलिक्टस), विरिडॅटम गट' एवढंच लिहावं आणि नमुना टाचणीवर राहू द्यावा. नवी संदर्भ-सामग्री दाखल झाली की तीच अक्षरं पुन्हा चौकटीत टाकता येतात.